आयर्न कमी, फेरिटिन जास्त: गंभीर संसर्गात हा रिपोर्ट कसा वाचायचा?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ५८ वर्षांच्या, मधुमेह जुना. लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत आणि तिथून रक्तात गेला. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आला. आयसीयूतला आज पाचवा दिवस. ताप उतरतोय, रक्तदाब टिकवणारं औषध कालच बंद झालं. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ६.८ झालं म्हणून रक्ताची एक पिशवी चढवली, आता ते ७.९ आहे. आज कुणीतरी आयर्न प्रोफाइल पाठवलं आणि त्यात सीरम आयर्न १८, टीआयबीसी १९०, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ९ टक्के आणि फेरिटिन १४५० आलं. मागच्या दिवाळीत हिमोग्लोबिन १०.१ होतं, लोहाच्या गोळ्या महिनाभर घेतल्या आणि जळजळ होते म्हणून सोडून दिल्या.

यावर एक डॉक्टर म्हणाले आयर्नचं इंजेक्शन देऊ, दुसरे म्हणाले आत्ता नको. मामांना कोविडमध्ये फेरिटिन ११०० होतं आणि ते व्हेंटिलेटरवर गेले होते, म्हणून १४५० बघून घरात सगळे घाबरलेत. मावशी बीट आणि खजुराचा डबा घेऊन आयसीयूच्या दारात उभ्या आहेत. आणि तुमचा प्रश्न: आईच्या शरीरात लोह कमी आहे की जास्त?

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयू सांभाळतो. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. पण या चार आकड्यांवरून नातेवाइकांचा आणि कधीकधी डॉक्टरांचाही जो गोंधळ होतो, तो मी नेहमी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की ‘कमी की जास्त’ या प्रश्नाचं उत्तर या रिपोर्टमध्ये नाहीच. शरीरात एकूण लोह किती, हे हा रिपोर्ट आज सांगू शकत नाही. ते आत्ता कुठे ठेवलंय, एवढंच तो सांगतो. निरोगी माणसात या दोन्हींचा मेळ बसतो, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज करता येतो. रक्तात जंतू फिरत असताना तो मेळ तुटतो.

हिशोब बघा. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये, बाकीचं बरंचसं यकृतात आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशींमध्ये. रक्ताच्या द्रवात, ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनाला चिकटून फिरणारं लोह कुठल्याही क्षणी असतं जेमतेम तीन मिलिग्रॅम. सीरम आयर्न म्हणून आपण मोजतो ते हेच! अस्थिमज्जेला नवीन पेशी बनवायला मात्र रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ही तीन मिलिग्रॅमची पुंजी दिवसातून कितीतरी वेळा रिकामी होते आणि भरते. भरतं कोण? जेवणातून रोज एक-दोन मिलिग्रॅमच शोषलं जातं. बाकी सगळं मॅक्रोफेज पुरवतात. म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळून, त्यातलं लोह सोडवून परत रक्तात टाकतात. त्यांनी हात आखडता घेतला की काही तासांत सीरम आयर्न कोसळतं, मग भांडारात लोह कितीही असो.

संसर्गात नेमकं हेच होतं, आणि शरीर ते मुद्दाम करतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. ई. कोलायसारखे जंतू तर लोह ओढून घेण्यासाठी सिडेरोफोर नावाचे खास रेणू बनवून बाहेर सोडतात. त्यांची लोहावरची पकड इतकी घट्ट असते की ट्रान्सफेरिनकडूनही ते लोह हिसकावू शकतात. आपल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी यावर उतारा म्हणून लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन सोडतात, जे जंतूंचा तो सिडेरोफोरच पकडून ठेवतं. (किडनीच्या इजेसाठी ‘एनगॅल’ नावाची तपासणी काही ठिकाणी होते, ते हेच प्रथिन.) शिवाय शरीर मूळ पुरवठाच आवळतं: गावात दरोडेखोर शिरल्याची बातमी आली की शहाणा पाटील धान्य कोठारात घालून कुलूप लावतो, तसं.

ते कुलूप म्हणजे हेप्सिडिन. यकृतात तयार होणारं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं हे हार्मोन २०००च्या सुमारास सापडलं. पेशीतून लोह बाहेर पडायचा एकच दरवाजा असतो, फेरोपोर्टिन नावाचा. हेप्सिडिन त्या दरवाजाला चिकटतं आणि पेशी तो दरवाजाच आत ओढून मोडून टाकते, हे २००४ मध्ये स्पष्ट झालं. संसर्गात इंटरल्युकिन-६ नावाचं संदेशवाहक प्रथिन वाढतं आणि ते यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतं. निरोगी स्वयंसेवकांना इंटरल्युकिन-६ शिरेतून दिलं तेव्हा काही तासांतच हेप्सिडिन वाढलं आणि रक्तातलं लोह जवळपास एक तृतीयांशाने घसरलं. जंतू नाही, रक्तस्राव नाही, आहारात बदल नाही, नुसत्या एका संदेशाने. तुमच्या आईंच्या अंगात हा संदेश पाच दिवस अखंड चालू आहे. मग १८ हा आकडा आला यात नवल काय?

आता चारही आकडे परत बघू. सीरम आयर्न १८ मायक्रोग्रॅम. साधारण ६० ते १७० असायला हवं. कमी आहे, पण वर सांगितलं त्यामुळे ते लोहाच्या कमतरतेतही कमी येतं आणि संसर्गातही. त्याच्यावरून काहीच ठरत नाही. तसाही हा आकडा चंचल. निरोगी माणसातसुद्धा सकाळ-संध्याकाळ बदलतो, आदल्या रात्री लोहाची गोळी घेतली तर वर जातो.

टीआयबीसी १९० हा मला जास्त बोलका वाटतो. लोह बांधून नेण्याची रक्ताची एकूण क्षमता, म्हणजे पर्यायाने ट्रान्सफेरिन किती आहे याचा अंदाज. साध्या कमतरतेत शरीर वाहक वाढवतं, म्हणून टीआयबीसी ४५०च्या वर जातं. संसर्गात यकृत ट्रान्सफेरिनचं उत्पादन कमी करतं, अल्ब्युमिन पडतं तसंच हेही पडतं, आणि टीआयबीसी २५०च्या खाली येतं. तुमच्या रिपोर्टवर दोन्हींपुढे सारखेच ठळक बाण छापले असतील, पण आयर्न कमी आणि टीआयबीसीही कमी, ही जोडी संसर्गाकडे बोट दाखवते. मात्र टीआयबीसी कमी आहे म्हणून खाली कमतरता दडलेली नाहीच, असं म्हणता येत नाही. दोन्ही एकत्र असले तर संसर्गाचा जोर टीआयबीसीला खाली खेचतो आणि कमतरतेची खूण पुसली जाते.

सॅच्युरेशन म्हणजे या दोन आकड्यांचा भागाकार. १८ भागिले १९० म्हणजे नऊ टक्के. २० टक्क्यांखाली असेल तर मज्जेपर्यंत पुरेसं लोह पोहोचत नाहीये, इतकं नक्की. का पोहोचत नाहीये, हे त्यात नाही.

आणि फेरिटिन. लोह साठवणारं प्रथिन. एका रेणूत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. पण गंमत अशी की रक्तात जे फेरिटिन सापडतं त्यात लोह फारसं नसतंच, ते बहुतेक रिकामं असतं. मॅक्रोफेज ते बाहेर सोडतात, यकृताच्या पेशींना इजा झाली तर तिथूनही झिरपतं. निरोगी माणसात ते साठ्याच्या प्रमाणात असतं, म्हणून आपण साठा मोजायला ते वापरतो. संसर्गात मात्र ते सीआरपी या तपासणीसारखंच, दाहाची (संसर्गाला किंवा इजेला शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेची) खूण म्हणून वाढतं. यकृताचा आजार, दारू, किडनीचा आजार, कॅन्सर, मधुमेहासोबतचं चरबीयुक्त यकृत, वारंवार रक्त चढवणं, सगळ्यात वाढतं. तेव्हा १४५०चा अर्थ ‘लोह जास्त’ असा नाही. आईंच्या परिस्थितीत त्याचा अर्थ ‘दाह जोरात आहे, कदाचित यकृतालाही थोडा त्रास झालाय’ असा आहे. एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी तपासणी) किती आहे ते विचारा.

फेरिटिनच्या बाबतीत एकाच बाजूने खात्रीने बोलता येतं: ते कमी असेल तर कमतरता पक्की, दुसरं काही कारण जवळपास नाही. निरोगी मोठ्या माणसात १५च्या खाली हा कमतरतेचा निकष, पण संसर्ग किंवा दाह असताना जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात तो ७०पर्यंत वर नेलाय. म्हणजे आयसीयूतल्या रुग्णाचं फेरिटिन ५० आलं आणि प्रयोगशाळेने ते ‘नॉर्मल’मध्ये छापलं, तरी मी ते कमतरता म्हणूनच वाचतो. ७० आणि काही शे यांच्या मधे सगळं धुकं. हजाराच्या वर गेल्यावर लोहाबद्दल ते काही सांगतच नाही, दुसऱ्या गोष्टींबद्दल सांगतं.

नमुन्याबद्दलही थोडं, कारण ते कुणी विचारत नाही. तपासणी पाचव्या दिवशी झाली आणि रक्त तिसऱ्या दिवशी चढवलं. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. साठवलेल्या रक्तातल्या काही पेशी चढवल्यावर पहिल्या २४ तासांतच मोडतात आणि त्यांचं लोह मॅक्रोफेजकडे जातं. त्यामुळे रक्त चढवल्यावर लगेच काढलेला आयर्न प्रोफाइल हा बराचसा रक्तदात्याचा असतो. माझ्याकडे कुणाची अशी तपासणी करायचीच असेल तर नमुना पिशवी लावायच्या आधी काढून ठेवतो. दुसरं, जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते लोहच धरून ठेवतं. सीबीसीचं उरलेलं रक्त वापरून कुणी आयर्न लावलं तर आकडा खोटा कमी येतो. बऱ्या प्रयोगशाळेत हे होत नाही, पण रात्री अकरा वाजता ‘आहे त्याच नमुन्यात लावून टाका’ असं सांगणारे आमच्यातलेच असतात.

मग प्रश्न उरतो, या दाहाच्या खाली खरी कमतरता आहे का? तुमच्या आईंच्या बाबतीत मला ती शक्यता बरीच वाटते, पण ती या रिपोर्टवरून नाही. दिवाळीचं १०.१, अर्धवट सोडलेल्या गोळ्या, यावरून वाटते. भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. तो सगळाच लोहाचा नसतो, तरी आपल्याकडे संसर्ग झालेली बाई आयसीयूत येते ती बहुधा आधीच थोड्या रिकाम्या भांडारानिशी. म्हणून मी पहिल्यांदा जुनी फाइल मागतो. वर्षभरापूर्वीच्या सीबीसीत एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८०च्या खाली असेल आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेलं असेल तर ती खूण संसर्गाच्या आधीची आहे. ती आजच्या फेरिटिनपेक्षा मला जास्त विश्वासाची. अपवाद थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा. त्यातही एमसीव्ही कमी असतो, पण बहुधा जन्मापासून तसाच, आणि तांबड्या पेशींची संख्या उलट भरपूर असते. घरात कुणाला तो असेल, तुम्ही सिंधी, लोहाणा किंवा कच्छी कुटुंबातले असाल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोन तपासण्या अशा आहेत की ज्यांना दाह कमी फसवतो. एक म्हणजे सोल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टर. मज्जा लोहासाठी भुकेली असेल तर हा वाढतो, नुसत्या दाहात फारसा नाही. त्याला फेरिटिनच्या लॉगरिदमने भागून एक निर्देशांक काढतात. दोनच्या वर असेल तर दाहाच्या जोडीला खरी कमतरता, एकच्या खाली असेल तर नुसता दाह, असा ढोबळ नियम. पण यंत्रागणिक आकडे बदलतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. दुसरी मला जास्त आवडते: रेटिक्युलोसाइटमधलं हिमोग्लोबिन. नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन किती भरलंय, ते सरळ मोजायचं. साधारण २८-२९ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर गेल्या दोन-चार दिवसांत मज्जेला लोह कमी पडलंय. नव्या सेल काउंटरमध्ये ही सोय असते, सीबीसीच्याच नळीत होते, पण मागितल्याशिवाय छापत नाहीत. थॅलेसेमिया मायनरमध्ये मात्र तीही फसते. हेप्सिडिन मोजता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आपल्याकडे रोजच्या तपासणीत नाही. मज्जेची सुई टाकून लोहाचा रंग बघणं हा शेवटचा शब्द, पण फक्त एवढ्यासाठी मी कुणाच्या आईला ती सुई टोचणार नाही.

आता इंजेक्शन. दोन डॉक्टरांची दोन मतं झाली म्हणून त्यातला एक चुकला असं समजू नका. आयसीयूतल्या ॲनिमियाला शिरेतून लोह द्यावं का, हा खरोखर अभ्यासाचा विषय आहे. ऑस्ट्रेलियात आयर्नमॅन नावाची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. आयसीयूतल्या ॲनिमिक रुग्णांना लोह दिल्यावर रक्त चढवण्याची गरज घटली नाही, पण घरी जाताना हिमोग्लोबिन थोडं जास्त होतं. दुसऱ्या बाजूला, शिरेतून लोह दिलेल्या अनेक चाचण्या एकत्र करून बघितल्या तर संसर्गाचं प्रमाण काहीसं वाढलेलं दिसतं. आणि ज्यांच्या रक्तात जंतू खेळतायत त्यांना हे औषध देऊ नये, हे औषधाच्या माहितीपत्रकातच असतं.

तोंडाने दिलेल्या लोहाबद्दलही एक धडा आहे. झांझिबारच्या पेम्बा बेटावर, जिथे मलेरिया कायमचाच, तिथे लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याचा मोठा प्रयोग झाला. २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष आले: लोह मिळालेल्या मुलांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू सुमारे १२ टक्क्यांनी जास्त. म्हणून तो भाग मधेच थांबवावा लागला. त्यातल्याच एका उपगटात ज्या मुलांना आधीपासून कमतरता होती आणि ज्यांच्या मलेरियावर नीट लक्ष होतं, त्यांना मात्र लोहाचा फायदा झाला. लोह वाईट नाही. कुणाला आणि केव्हा, यावर सगळं आहे.

आईंच्या बाबतीत माझं मत विचाराल तर: आत्ता नको. कल्चरमध्ये जंतू येऊन आठवडाही झालेला नाही. हेप्सिडिन चढलेलं असताना दिलेलं लोह मॅक्रोफेज गिळून बसतील, मज्जेला त्यातलं थोडंच मिळेल. म्हणजे जोखीम आज आणि फायदा नंतर. शिवाय एक गोष्ट लक्षात आली का? आयर्न सुक्रोजच्या एका डोसमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम लोह असतं. तिसऱ्या दिवशी लागलेल्या पिशवीतून आईंना त्याहून जास्तच मिळालंय.

हिमोग्लोबिन पडण्याची आयसीयूतली इतर कारणं मात्र रोखता येतात. सलाइनने रक्त पातळ होतं, ते आपोआप सुधारतं. किडनीला इजा झाली की एरिथ्रोपोएटिन (मज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगणारं हार्मोन) कमी पडतं. आणि आम्ही रक्त काढतो! दिवसाला ४० मिलिलिटर हा काही मोठा आकडा नाही. हिमोग्लोबिन १० धरलं तर त्यात चार ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे सुमारे १४ मिलिग्रॅम लोह. जेवणातून शोषलं जातं एक-दोन. त्यामुळे ‘आज कुठल्या तपासण्या खरंच हव्यात?’ हा प्रश्न राउंडच्या वेळी नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. रक्त चढवायची मर्यादा सात ठेवणं सेप्टिक शॉकमध्येही सुरक्षित आहे, हे २०१४च्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत दिसलं, तेव्हा ७.९ला दुसरी पिशवी नाही लावली म्हणून काळजी करू नका. हृदयविकार असेल तर डॉक्टर ही मर्यादा वर नेतात.

मामांचं फेरिटिन आणि आईंचं फेरिटिन यांची तुलना सोडून द्या. २०२० आणि २१ मध्ये फेरिटिन, डी-डायमर, सीआरपी आणि एचआरसीटी स्कोर हे शब्द आपल्याकडे भाजीच्या भावासारखे झाले होते. फेरिटिन जास्त असलेल्यांचा आजार सरासरीने गंभीर होता, हे खरं. पण उपचार त्यावर ठरत नव्हते. ज्या चाचणीने स्टेरॉइडचा उपयोग सिद्ध केला, त्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत फायदा दिसला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांना. फेरिटिन किती, यावर नाही. रोज फेरिटिन करून रोज घाबरणारी घरं मी पाहिली आहेत. आईंचंही रोज करायची गरज नाही. ताप, रक्तदाब, लघवी, लॅक्टेट, रुग्णाची शुद्धी यांवरून कळतं त्याहून वेगळं ते काही सांगणार नाही, आणि सीआरपी उतरल्यावरही ते मागे रेंगाळत राहतं.

फेरिटिन बघून मी दचकतो ते वेगळ्या प्रसंगी. पाच-दहा हजारांच्या वर गेलं, योग्य अँटिबायोटिक चालू असून ताप हटत नाही, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी आणि हिमोग्लोबिन यातले दोन आकडे एकदम घसरतायत, प्लीहा हाताला लागतेय, ट्रायग्लिसराइड वाढलंय, फायब्रिनोजेन पडलंय, आणि इतका दाह असून ईएसआर (दाहात एरवी वाढणारी तपासणी) उलट कमी कमी होतोय. तेव्हा मनात एचएलएच नावाचा आजार येतो. यात मॅक्रोफेज बेभान होऊन आपल्याच रक्तपेशी गिळतात. लहान मुलांमध्ये १० हजारांच्या वरचं फेरिटिन या आजाराकडे बरंच ठामपणे बोट दाखवतं. मोठ्यांमध्ये तितकं नाही. यकृत निकामी झालं, किडनी गेली, तरी तो आकडा गाठला जातो. जुन्या निकषांत ५०० ही मर्यादा आहे, ती आयसीयूतल्या मोठ्या माणसाला लावली तर अर्धा वॉर्ड एचएलएच निघेल. आपल्याकडे असं चित्र दिसलं की मी आधी त्यामागचा संसर्ग शोधतो: डेंग्यू, मलेरिया, टीबी, आणि पावसाळ्याच्या शेवटी स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडा चावून होणारा ताप. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रबची साथ आली होती, ती तिकडच्या डॉक्टरांना आठवत असेल. काखेत, जांघेत, स्तनाखाली सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग शोधायचा. डॉक्सिसायक्लिन चालू केलं की दोन दिवसांत चित्र पालटतं. तुमच्या आईंना यातलं काही नाही. ताप उतरतोय, औषधं कमी होतायत. प्लेटलेट वाढतायत ना, तेवढं बघा.

एका गोष्टीकडे मात्र लोकांचं लक्ष जात नाही, आणि ती मला कमी आयर्नपेक्षा जास्त खटकते: गंभीर संसर्गात ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन कमी न येता वाढलेलं येणं. आयसीयूत दाखल होताना ज्यांचं सॅच्युरेशन जास्त, त्यांच्यातले मृत्यू जास्त, असं युरोपातल्या अभ्यासातही आढळलंय. कुलूप लागायला हवं होतं आणि ते लागलं नाही, असा त्याचा अर्थ. कधी यकृतच इतकं थकलेलं असतं की हेप्सिडिनही बनत नाही आणि ट्रान्सफेरिनही. कधी रक्त मोडतंय. कधी नुकतंच रक्त चढवलंय. कधी वर्षानुवर्षं रक्त घेणारा थॅलेसेमियाचा रुग्ण असतो. रक्तात मोकळं लोह असलं की एरवी दुबळे असणारे जंतू माजतात.

याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण शिकागोचं आहे. २००९ मध्ये शिकागो विद्यापीठातले एक संशोधक प्लेगच्या जंतूवर काम करत होते. जंतूची ही जात मुद्दाम दुबळी केलेली: तिला लोह ओढून घेताच येत नव्हतं, म्हणून ती माणसाला निरुपद्रवी मानली जायची. तरी त्यांना त्याच जंतूचा संसर्ग झाला आणि ते गेले. शवविच्छेदनात कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साचत जाण्याचा आनुवंशिक आजार, आणि तो त्यांनाही ठाऊक नव्हता. जंतूची जी उणीव होती ती रुग्णाच्या शरीराने भरून काढली.

मधुमेह आहे म्हणून आणखी एक. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरने जो हाहाकार केला, त्यात साखर आणि स्टेरॉइड यांच्यासोबत लोहाचाही धागा आहे. साखर बेकाबू होऊन रक्त आम्लधर्मी झालं की ट्रान्सफेरिनची लोहावरची पकड सैल होते, आणि ही बुरशी त्या सुटलेल्या लोहावर पोसते. डायलिसिसच्या रुग्णांना पूर्वी डेफेरॉक्सामाइन हे लोह काढणारं औषध देत, तेव्हाही म्युकर व्हायचा. कारण औषधाने धरलेलं लोह ही बुरशी उचलून वापरते. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. आईंची साखर आत्ता आटोक्यात ठेवणं हे लोहाच्या दृष्टीनेही उपयोगाचं आहे, इतकंच.

मावशींना सांगा, बीट-खजूर द्यायला हरकत नाही, पण त्याने हे आकडे हलणार नाहीत. हेप्सिडिन चढलेलं असताना आतड्यातला दरवाजाही बंदच असतो. बिटात लोह तसंही बेताचंच, रंगामुळे त्याला उगाच मान मिळालाय. आणि मधुमेहात खजूर मोजूनच. आत्ता त्यांना प्रथिनं जाऊ देत: डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, दही. किडनीमुळे काही बंधनं असतील तर आहारतज्ज्ञ सांगतील.

घरी गेल्यावर काय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण डिस्चार्जच्या कागदावर ते बहुतेक वेळा नसतं. अँटिबायोटिकचा कोर्स संपून, सीआरपी खाली येऊन चार ते सहा आठवडे झाले की सीबीसी, फेरिटिन, आयर्न, टीआयबीसी आणि सोबत सीआरपी पुन्हा करा. सकाळी, उपाशीपोटी, त्याआधी एक-दोन दिवस लोहाची गोळी न घेता. तेव्हाचं फेरिटिन वाचण्यालायक असेल. तेव्हा ते ३०च्या खाली आलं तर कमतरता आहे हे धरून चाला. १००च्या आसपास आणि सॅच्युरेशन २०च्या खाली असेल तर किडनी आणि हृदयाची स्थिती बघून डॉक्टर ठरवतील. जळजळ होते म्हणून गोळ्या सोडल्या होत्या, तर यावेळी एक दिवसाआड एकच गोळी घेऊन बघा. पोटाला सोसते, आणि एका गोळीनंतर हेप्सिडिन जवळपास दिवसभर चढलेलं राहत असल्याने रोज दोन घेण्यापेक्षा शोषणही बरं होतं. तेही नाही जमलं तर तेव्हा शिरेतून लोह देणं हा चांगला आणि सुरक्षित मार्ग आहे. आज ज्या डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं, त्यांचा सल्ला तेव्हा बरोबर ठरेल.

आणि कमतरता खरीच निघाली तर गोळ्या लिहून विषय संपवू देऊ नका. ५८व्या वर्षी, पाळी थांबलेली असताना, लोह जातंय कुठे हे शोधायलाच हवं. मूळव्याध, गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, रोजची ॲस्पिरिन, जठरातला व्रण आणि मोठ्या आतड्यातली गाठ, या क्रमाने विचारा आणि तपासून घ्या. दुर्बिणीच्या तपासणीचं नाव निघालं तर टाळू नका. दिवाळीच्या त्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू काय होतं, आणि आईंच्या प्लेटलेटचे या पाच दिवसांतले आकडे, एवढं सापडलं तर इथेच लिहा.